कापू देऊ नका

४ मार्च

प्रिय ताई,

पाकीट बघून दचकू नकोस, घरात सगळे जिवंत आहेत. फोनच केला असता, पण तुला फोनवर ऐकू येत नाही आणि आमचा फोन मुलाच्या खोलीत. तिथे उभी राहून मी ओरडायला लागले, तर सुनेला वाटायचं तिच्यावरच ओरडतेय.

माझ्या डाव्या नडगीवर जखम झाली आहे. मागच्या आठवड्यात पुठ्ठ्यांचा गठ्ठा उचलताना कोपरा लागला, एवढंसं खरचटलं. तीस वर्षं बाइंडिंग करतेय, असे कोपरे रोजच लागतात. पण दुसऱ्या दिवशी तिथे पुटकुळी आली, चौथ्या दिवशी फुटली आणि आता मोठ्या नाण्याएवढा खड्डा पडलाय. कडा जांभळी आहे आणि आतून पोखरल्यासारखी. दुखतं तर इतकं की पांघरूण लागलं तरी डोळ्यांत पाणी येतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी जंतू मारायच्या गोळ्या दिल्यात. म्हणाले, पिकलंय, बसेल.

तू चाळीस वर्षं ड्रेसिंगच्या खोलीत काढलीस, तेव्हा तूच सांग काय करू. लायब्ररीचे दोनशे जुने खंड शिवून द्यायचं कबूल केलंय. दुकान तळमजल्यावर, मी तिसऱ्या मजल्यावर, मधे अठ्ठावन्न पायऱ्या. यजमान गेल्यापासून दुकान एक दिवस बंद ठेवलेलं नाही. आता सून एकटी खाली बसून पानं दुमडते.

तुझी,
बुटकी


११ मार्च

बुटके,

गोळ्या खा, पण जखमा गोळ्यांनी बऱ्या होत नसतात, हातांनी होतात. पाणी उकळून गार कर, त्यात मीठ घाल आणि स्वच्छ कापडाने सकाळ-संध्याकाळ घास. वर पिवळा थर धरला असेल तो निघून लाल मांस दिसेपर्यंत घासायचं. दुखेल. रडलीस तरी हात थांबवायचा नाही. लहानपणी तुझ्या गुडघ्यातले खडे मीच काढायचे आणि तू सगळी आळी डोक्यावर घ्यायचीस, ते आठव.

माझ्या हाताखाली एकही जखम चिघळली नाही. हे मी म्हणत नाही, निरोपाच्या दिवशी मोठे सर्जन सगळ्यांसमोर म्हणाले होते.

मी स्वतः आले असते, पण खुब्याचं हाड अजून धड जुळलेलं नाही. वॉकर धरून दारापर्यंत जाते आणि परत येते, एवढाच माझा प्रवास. दहा दिवसांत जखम भरली नाही तर माझं नाव बदल.

ताई


२८ मार्च

प्रिय ताई,

नाव बदलायची वेळ आली आहे. तू सांगितलंस तसं घासलं, दात-ओठ खाऊन घासलं. चार दिवसांत जखम तळहाताएवढी झाली. मग इस्पितळात नेलं. सर्जननी भूल देऊन सगळं सडकं मांस खरवडून काढलं, चांगल्या कडा जुळवून टाके घातले. पाच दिवस बरं वाटलं. सहाव्या दिवशी टाक्यांच्या भोकांतूनच नवी भोकं पडली आणि सगळं एकमेकांना जाऊन मिळालं. आधीपेक्षा दुप्पट.

गंमत म्हणजे पू तपासायला पाठवला होता, त्यात जंतूच सापडले नाहीत. सर्जन कागद उलटासुलटा करून बघत होते, मागच्या बाजूला लपलेत की काय म्हणून.

मी आता खिडकीजवळच्या पलंगावर असते. छताला एक पोपडा आहे, भिंतीवर मुलाच्या लग्नाचा फोटो आहे आणि खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. लोक त्यावर चढतात-उतरतात, मी मोजत बसते. पायरी ही एवढी मोठी चैन आहे, हे मला माहीत नव्हतं.

अक्षर वाकडं आलंय, कारण बोटाला पट्टी आहे. बसल्या बसल्या दोन खंड शिवावेत म्हणून दाभण हातात घेतलं होतं, ते बोटात घुसलं. तेही पिकलं. माझं रक्तच नासलंय बहुतेक.

बुटकी


४ एप्रिल

प्रिय बुटके,

पत्र मिळालं. विश्रांती घे.

दिवसभर पलंगावर बसून काय करतेस? हातांना काही काम देतेस का? सुनेशी पटतं ना? दुकान तिच्या हाती गेलंय त्याचं मनाला लागलंय का? मोकळेपणी लिही.

आमच्याकडे नऊ नंबरच्या खाटेवर एक बाई होती. सहा महिने तिची जखम भरेना. रोज मी ड्रेसिंग करायची आणि रोज ती उघडायची. शेवटी तिच्या उशीखाली केसांचा आकडा सापडला. घरी जायचं नव्हतं बिचारीला. उगाच आठवली म्हणून लिहिलं.

काळजी घे. मुलालाही काळजी घ्यायला सांगितलंय.

ताई


२२ एप्रिल

ताई,

घाईत लिहितेय. जेवणापुरते माझे हात मोकळे असतात, वीस मिनिटं. पाच मिनिटांत गिळते आणि उरलेल्या वेळात हे.

हो, माझे हात बांधलेत. जाड कापडाचे मोजे, मनगटाशी नाडी, गाठ मागच्या बाजूला. सुनेने शिवले आणि मुलाने बांधले. बांधताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

झालं ते असं. आठ तारखेला दुसरं ऑपरेशन झालं. मांडीची कातडी काढून नडगीवर लावली. ती तर टिकली नाहीच, उलट जिथून काढली त्या मांडीवरही तसलीच जखम उघडली. आणि हाताला सलाइनची सुई टोचली होती, तिथेही. तेवढ्यात मुलगा सर्जनच्या खोलीत गेला. दार लावून अर्धा तास बोलणं चाललं होतं. सर्जन बाहेर आले ते वेगळ्याच आवाजात बोलायला लागले. अगदी मऊ. "घरात काही त्रास आहे का? मनात काही आहे का?" मग एक मनाचे डॉक्टर आले. मी नाही म्हटलं की ते लिहून घ्यायचे. रडले की लिहून घ्यायचे. गप्प बसले तेव्हा तर बराच वेळ लिहीत होते. ताई, त्यांना वाटतंय हे मीच करून घेतेय!

तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आल्यावर बघते तर कात्री, दाभण, सुया, चाकू, सगळं खोलीतून नेलेलं. मांडी आणि हात दाखवून मी विचारलं, हे कसं झालं मग? तर मुलगा म्हणाला, "तेच तर, आई. जिथे हात पोचतो तिथेच होतंय."

मीच मग म्हटलं, पायाला प्लॅस्टर घाला, म्हणजे मला हात लावता येणार नाही. घातलं. वरच्या कडेला कागदाची पट्टी लावायला लावली, आमच्याच खळीने, त्यावर सुनेची सही. पट्टी फाटली तर मी खोटी. मला वाटलं, आता सुटले. सात दिवसांनी उघडलं तेव्हा पट्टी जशीच्या तशी होती आणि जखम दोन बोटं वाढली होती. मी मुलाच्या तोंडाकडे बघत राहिले. तो म्हणाला, "चिकटलेला कागद ओला करून उचलायचा आणि पुन्हा तसाच बसवायचा, हे तुझ्याइतकं कोणाला जमतं?"

तीस वर्षं ज्या हातांचं कौतुक ऐकलं, त्यांनीच मला आत टाकलं. नाही म्हणण्यासारखं काही शिल्लकच राहिलेलं नाही.

आत घोट्याजवळ शीर दिसायला लागली आहे, पांढरी, दोऱ्यासारखी. सर्जन म्हणतात, जीव वाचवायचा तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. बारा मेची तारीख दिली आहे.

मुलाच्या डोक्यात हे भरवलं कोणी? दुसरं कोण असणार, सूनच. मी तिच्याशी बोलणं टाकलंय.

पत्र खिडकीतून दोऱ्याने खाली सोडतेय. खालचा चष्मेवाला पेटीत टाकतो. दोरा उशीच्या खोळीत लपवला होता. सापडला तर तोही पुरावा होईल.

बुटकी


२८ एप्रिल

बुटके,

पत्र चार वेळा वाचलं. 

मला हे सांग आणि नीट सांग. पहिल्या दिवसापासून तुझी कातडी कुठे कुठे फुटली, टोचली, कापली गेली? आणि प्रत्येक ठिकाणी किती दिवसांनी जखम झाली? काही वगळू नकोस. सलाइनची सुई कोणत्या हाताला होती? दुसऱ्या हातातून रक्त काढलं होतं का, तिथे काय झालं? जिथे नुसता मार लागला पण कातडी फुटली नाही, तिथे काही झालं का? दोन दिवसांत लिहून पाठव.

जखम घासणं आजपासून बंद. मी सांगितलं होतं, मीच बंद करायला सांगतेय.

आणि सुनेवर राग धरू नकोस. ती तसली नाही.

ताई


३ मे

ताई,

विचारलंस ते आधी सांगते.

नडगीला पुठ्ठा लागला, चौथ्या दिवशी फुटली. बोटात दाभण गेलं, तिसऱ्या दिवशी. टाक्यांच्या भोकांतून सहाव्या. मांडीवर चौथ्या. सुई उजव्या हाताला होती, तिथे तिसऱ्या दिवशी. रक्त डाव्या हातातून काढलं होतं, तिथे पुटकुळी येऊन आपोआप बसली. न्हाणीघरात पडले होते, गुडघा काळानिळा झाला पण कातडी शाबूत होती. तिथे काहीच झालं नाही. हे सगळं मला एवढं पाठ कसं, म्हणशील. दिवसभर दुसरं मोजायला काय आहे?

आता माझं ऐक.

तुझं पत्र आल्यावर मी सुनेशी बोलले. बारा दिवसांनी. म्हटलं, तू मुलाला असं का सांगितलंस? ती उठली. मग आत गेली, कपाटातून एक पत्र आणलं आणि माझ्या मोज्यांवर ठेवलं. मला ते उघडताही येईना. तिनेच उघडून समोर धरलं.

अक्षर तुझं होतं. "तिच्या हातांवर लक्ष ठेव. सर्जनना एकट्याला गाठून कानावर घाल. मी हे सांगितलं असं तिला कळू देऊ नकोस." तारीख चार एप्रिल. त्याच दिवशी मला नऊ नंबरची बाई आठवून दिलीस.

सून म्हणाली, "मला पहिल्यापासून पटलं नव्हतं, पण मोठ्या मावशी नर्स होत्या म्हणून गप्प बसले." मी बोलत नव्हते त्यांतले सात दिवस ती माझ्या शेजारी बसून होती, दुकान बंद ठेवून; मला वाटलं, पहारा देतेय. माझे हात तिच्या मांडीवर. रोज पट्टीने जखम मोजायची. सातव्या दिवशी मोजली, पट्टी खाली ठेवली आणि रडायलाच लागली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुला आईची दया येते म्हणून तू तिला सांभाळून घेतेस.

ताई, तुझ्यावर एवढा राग आहे की शब्द सुचत नाहीत. आणि तरी तुलाच लिहितेय, कारण लिहायला दुसरं कोणी नाही. नऊ दिवस उरलेत.

मी


८ मे

बुटके,

हो, मीच लिहिलं. माझ्या हाताने सांगितलेली जखम भरत नाही, हे मला पटेना. माझी पद्धत चुकली असेल हे मनात यायच्या आधी माझी बहीण खोटी असेल हे मनात आलं. दुसरं काही कारण नाही, शोधलं पण सापडलं नाही. माझी मलाच लाज वाटते.

आता महत्त्वाचं. तुझं पत्र आज सकाळी मिळालं. शेजाऱ्यांना गाडी काढायला लावली आणि माझ्या जुन्या इस्पितळात गेले. तिथे कातडीचे एक डॉक्टर आहेत. आम्ही नर्सा त्यांना भिंगवाले म्हणायचो, कारण जेवणाच्या डब्याकडेही भिंगातून बघतील असा त्यांचा स्वभाव. चार तास बाकावर बसले तेव्हा आत घेतलं. मी तुझी दोन्ही पत्रं समोर ठेवली. त्यांनी बोटाचं वाचलं, मांडीचं वाचलं, सुईचं वाचलं आणि मलाच विचारलं, "हिला कापतंय कोण?"

हा जंतूंचा रोग नाहीच. नाव लांबलचक आहे, पायोडर्मा गँग्रीनोसम. नावात पू आहे, सडणं आहे, पण प्रत्यक्षात दोन्ही नाही. फार थोड्यांना होतो. शरीराची स्वतःची राखण करणारी फौज बिथरते आणि आपल्याच कातडीवर तुटून पडते. अशा माणसाला नुसतं टोचलं तरी तिथे नवी जखम उभी राहू शकते. घासणं, खरवडणं, शिवणं, कातडी लावणं, सगळं आगीत तेल. पाय कापला तर कापल्या जागीही तेच सुरू होईल. उपाय म्हणजे त्या फौजेला आवरणाऱ्या गोळ्या, स्टेरॉइडच्या. आणि जखमेला हळुवार झाकून ठेवणं, बाकी हात लावायचा नाही. तपासल्याशिवाय पक्कं म्हणता येणार नाही, असंही ते म्हणाले. पण आधी कापायचं थांबवा, म्हणाले. पोटाचं काही दुखणं आहे का, शौचातून रक्त जातं का, हेही विचारत होते. मला माहीत नव्हतं.

सर्जनसाठी त्यांचं पत्र सोबत आहे. पण टपालाला पाच दिवस लागतात आणि तुझी तारीख चार दिवसांवर आहे, हे घरी आल्यावर लक्षात आलं. शेजारी मला सोडून कामाला गेलेत. इथून तार जात नाही, माणूस मिळत नाही आणि माझ्या पायात बळ नाही. म्हणून टेबलावरचा फोन घेतला आणि तुमचा नंबर लावला. मला काही ऐकू येत नाही. घंटा वाजते आहे की कोणी उचलला आहे, काही कळत नाही. मी मनात वीस आकडे मोजले आणि बोलायला लागले. "मी ताई बोलतेय. कापू देऊ नका. हा जंतूंचा रोग नाही. कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. ती खरं बोलतेय." रोगाचं नाव अक्षर-अक्षर सुटं करून सांगितलं. अकरा वेळा नंबर लावला आणि अकरा वेळा तेच बोलले. माझ्यासाठी ऐकायला घरात दुसरं कोणी नव्हतं. 

तिकडे कोणी होतं की नाही, मला माहीत नाही.

ताई


२४ मे

बुटके,

बारा तारीख होऊन बारा दिवस झाले. रोज पोस्टमनच्या वेळेला दारात जाऊन उभी राहते. पाय गेला असेल तर तसं लिही. माझ्याशी बोलायचं नसेल तर सुनेला लिहायला सांग. एक ओळ चालेल.

ताई


१५ जून

ताई,

पाय आहे.

लिहायला मुद्दाम उशीर केला. तू दारात उभी राहत असशील हे माहीत होतं, तरी केला. खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी फोन सुनेने उचलला. पहिल्यांदा घाबरून ठेवून दिला, कारण ती "हॅलो, हॅलो" करत होती आणि तू तिचं न ऐकता बोलतच होतीस. दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा कागद घेतला. मग फोन आला की ती उचलायची आणि शेवटपर्यंत ऐकायची. म्हणाली, मावशी इतक्या बोलत होत्या, मधे कसा ठेवणार. आठव्या वेळेला मुलगा घरी आला. तिने फोन त्याच्या कानाला लावला. उरलेले चार त्याने ऐकले, उभ्याने.

दुसऱ्या दिवशी दोघंही सर्जनकडे गेले. त्यांनी कागद दोनदा वाचला. माणूस वाईट नाही गं. म्हणाले, असा रोगी आयुष्यात पाहिला नाही, पुस्तकात वाचला होता. त्यांनीच ऑपरेशन पुढे ढकललं आणि कातडीच्या डॉक्टर बाईंना बोलावलं. त्यांनी मोजे बघून विचारलं, हे काय? बाईंनी स्वतः गाठ सोडली. मग गोळ्या सुरू केल्या आणि त्या चालू ठेवूनच कडेचा तीळभर तुकडा तपासायला काढला. जंतू नाहीत, कर्करोग नाही, तुझे भिंगवाले म्हणाले तेच. पोटाचंही खरं निघालं. दोन वर्षं रक्त पडतंय. मूळव्याध समजून लाजेने कोणाला बोलले नव्हते, तुलाही नाही. आता आतड्याचीही तपासणी चाललीये.

चौथ्या दिवशी मी पांघरूण घेऊन झोपले. एवढंच सांगते, तुला कळेल. जखम आता रोज कडेकडेने आत येतेय. नवी कातडी पातळ आहे, जाळीजाळीची. गोळ्यांनी तोंड फुगलंय, साखर वाढलीये आणि भूक अशी की सून म्हणते, आता डब्यांवर कागदाची पट्टी चिकटवावी लागेल.

पण सुटले असं म्हणू नकोस. अठ्ठावन्न पायऱ्या अजून तशाच आहेत. कधी उतरेन ते बाईंनाही सांगता येत नाही. दाभण, चाकू, सुई मला बंद. एक टोचणी आणि पुन्हा सगळं सुरू होऊ शकतं. सून शिवते आणि मी वरून हुकूम सोडते. मुलाने पायावर डोकं ठेवून माफी मागितली, चांगल्या पायावर. पण परवा मी केसांना लावायला आकडा उचलला, तर त्याची नजर आधी माझ्या हाताकडे गेली आणि मग माझ्याकडे. त्याला कळलं की मला कळलं. आता आम्ही दोघं एका खोलीत असलो की मी हात मांडीवर उघडे ठेवून बसते. कोणी सांगितलेलं नाही.

तू तुझ्या पत्रात मला माफ कर असं लिहिलं नाहीस, ते बरं केलंस. मला ते जमेल की नाही माहीत नाही. अकरा वेळा बोललीस हे मी विसरणार नाही. चार एप्रिलही नाही.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. तू मुलाला लिहिलंस. त्याच्याकडून सर्जनच्या कानावर घातलंस. मनाच्या डॉक्टरांनी घराबद्दल विचारलं, लहानपणाबद्दल विचारलं, स्वप्नांबद्दलही विचारलं. सगळ्यांनी माझे हात बघितले, पट्टी बघितली, उशी उचकली. पण तो एक प्रश्न मला सरळ कोणीच विचारला नाही. निदान तू तरी विचारायला हवा होतास. मी तुझ्याशी कधी खोटं बोलले असते का?

आता विचार. आता उत्तर सगळ्यांना माहीत आहे, तरी विचार. कागदावर, तुझ्या अक्षरात.

बुटकी


२१ जून

बुटके,

कालपासून कागद समोर घेऊन बसले आहे. ड्रेसिंग करताना माझा हात कधी असा अडला नव्हता.

त्या जखमा तू स्वतः करून घेतल्यास का?

ताई


२७ जून

ताई,

नाही.

बुटकी